सरकीची ढेप, गाईचं दूध आणि नातवाची काळजी

प्रश्न: आमची सहा एकर कपाशी आहे, सगळी बीटी. गाईला सरकीची ढेप देतो आणि घरात दूध तेच. जाऊबाई म्हणतात बीटीचं विष दुधात उतरतं, नातवाला पाजू नका. बाजारातली वांगी, बिनबियांची कलिंगडं पण जीएमच, म्हणजे जीन बदललेलीच, असतात का? खरं काय ते सांगा.
– एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर: ताई, आधी दुधाचं बोलू, कारण जीव तिथेच अडकलाय. नातवाला दूध बिनधास्त द्या. बीटी म्हणजे मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन कपाशीत घातलेला, त्यातून जे प्रथिन तयार होतं ते अळीच्या आतड्यात गेलं की तिथे चिकटतं आणि आतडं फाटतं, पण आपल्या किंवा गाईच्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नाही, ते इतर प्रथिनांसारखं पचून जातं. बीटी सरकी खाल्लेल्या गाईंचं दूध तपासलं गेलंय, त्यात ते सापडलं नाही.

वांग्याचं म्हणाल तर आपल्या जालन्याच्या कंपनीनेच बीटी वांगं तयार केलं होतं, पण फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं, बांगलादेशात मात्र 2014 पासून शेतकरी लावतात. कलिंगड जीएम नाही, तो संकराचा प्रकार आहे. आपल्याकडे परवानगीने शेतात पिकतं ते एकच जीएम पीक, कापूस. पण फरसाणात सरकीचं तेल असतं, परदेशातून येणारं बरंचसं सोयाबीन तेलही जीएम बियांचंच. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही म्हणून मी घाबरत नाही, तरी पाकिटावर ठळक लिहायला हवंच, आपण काय खातो ते कळायचा हक्क आहे आपल्याला.

म्हणजे धोका नसतोच का, तर तसंही नाही. अमेरिकेत ब्राझील नटचा जीन सोयाबीनमध्ये घातला होता, तपासणीत कळलं की त्या नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधेल, मग ते बाजारात आलंच नाही. म्हणून प्रत्येक नवं पीक वेगळं तपासावं लागतं, सगळी चांगली किंवा सगळी वाईट असं म्हणून चालत नाही.

पण ताई, मला ताटापेक्षा तुमच्या शेताची काळजी जास्त वाटते. 2002 ला बीटी आलं तेव्हा हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, बायाबापड्यांचा त्रास वाचला, हे मान्य करायलाच हवं. मग 2006 ला दोन जीनचं आलं, आणि गुलाबी अळीने तेही पचवलं. 2017 आठवतंय ना, बोंडं फोडली की आत अळी, आणि त्याच वर्षी यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन विसाहून जास्त माणसं गेली. अळी इतकी निबर का झाली, तर बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं ते शेताच्या कडेने लावायचं असायचं, तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचा निबर अळ्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि निबरपणा पसरायला वेळ लागतो. बहुतेकांनी ते लावलंच नाही, कुणी नीट समजावून सांगितलं पण नाही.

तेव्हा यंदा फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका, डिसेंबर संपला की कपाशी उपटा, पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) ढीग बांधावर राहू देऊ नका. नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली गुलाबासारखी फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करा. आणि फवारायला कुणीही गेलं तरी हातमोजे, मास्क घातल्याशिवाय नाही, वाऱ्याच्या विरुद्ध तर मुळीच नाही.