ती वर्गात दप्तर सोडत नाही

'आमची लेक आठ वर्षांची आहे. साडेचार वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. यांच्या नोकरीमुळे आम्ही परदेशात आलो आणि तेव्हापासून ती शाळेत एक अक्षर बोलत नाही. दिवसभर दप्तर मांडीवर घेऊन बसते, कुणाला हात लावू देत नाही. घरी बोलते, पण रात्री उठून आम्ही जागेवर आहोत ना, हे बघून जाते. मॅडम, ही भाषेची अडचण आहे की ती दत्तक आहे म्हणून असं होतंय? शाळेला सांगायचं का?'

एका आईचं हे पत्र तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून देते आहे. थोड्याफार फरकाने हेच मला अनेक पालक विचारतात.

भाषेचं आधी सांगते, कारण ते तुलनेने सोपं आहे. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतात. या काळात ती ऐकत असतात, मनात जुळवाजुळव करत असतात. जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेला एक फरक इथे उपयोगी पडतो. खेळताबोलताना लागणारी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. धडा समजून घेऊन उत्तर लिहिण्याइतकी भाषा यायला पाच वर्षं किंवा त्याहून जास्त लागू शकतात. तेव्हा पहिल्या वर्षीच्या गुणांची काळजी सोडा. या पालकांना शाळेतून सल्ला मिळाला होता की घरीही शाळेचीच भाषा बोला. तो अजिबात पाळू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. ज्या भाषेत तिने या दोघांना पहिल्यांदा आई-बाबा म्हटलं, ती भाषा घरात तशीच राहायला हवी.

पण दप्तराचा उलगडा भाषेने होत नव्हता.

ऑनलाइन भेटीत मी तिला शाळेचं चित्र काढायला सांगितलं. वर्ग एका कोपऱ्यात इवलासा आणि फाटक कागदभर. मी विचारलं, 'दप्तर खाली ठेवलं तर काय होईल गं?' ती म्हणाली, 'आई आली आणि मला वेळ लागला तर ती निघून जाईल.'

मग आईबाबांशी बोलताना हळूहळू सगळं पुढे आलं. संस्थेतून ती यांच्याकडे आली तेव्हा तिचे कपडे एका पिशवीत भरून दिले होते आणि 'तिकडे खूप मज्जा येईल' असं सगळे म्हणत होते. परदेशी निघतानाही तिला त्रास नको म्हणून यांनी ती झोपल्यावर सामान बांधलं, मैत्रिणींचा निरोप घेणं टाळलं आणि तेच मज्जेचं वाक्य म्हटलं. हेतू मायेचाच होता. तिच्या अनुभवात मात्र दोन्ही प्रसंग एकसारखे होते: सामान भरलं जातं, ओळखीची माणसं नाहीशी होतात, अनोळखी माणसं हसून काहीतरी बोलतात. त्यातून तिचं वयही नाजूक. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी १९८० च्या दशकात मुलांना दत्तक असण्याचा अर्थ कसकसा कळत जातो याचा अभ्यास केला. लहानपणी 'आम्ही तुला निवडलं' एवढ्यावर मूल खूश असतं; सहा-सात वर्षांनंतर त्याला उमगू लागतं की कुणीतरी घेण्याआधी कुणीतरी सोडलंही होतं.

म्हणून आईच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: दत्तक असणं हे कारण नाही. आधी एकदा सगळं सुटलेलं आहे, आणि नवी शाळा तिला पुन्हा तसंच वाटते आहे. तिला आधी परत न्यायला कुणी येणार याची खात्री हवी. मैत्री, अभ्यास, भाषा त्यानंतर.

खात्री 'लवकर येते हं' अशा शब्दांनी पटत नाही. आईने सांगायला सुरुवात केली, 'शेवटची घंटा झाली की मी निळ्या दारापाशी असेन. तुला वेळ लागला तरी थांबेन.' आणि ती खरंच दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहू लागली. उशीर होणार असेल तर कोण येणार, हे सकाळीच ठरायचं. आईच्या ओढणीचा एक तुकडा दप्तराच्या आतल्या कप्प्यात गेला. आणि राहून गेलेला निरोपही घेतला: जुन्या मैत्रिणींशी व्हिडिओ कॉल, जुन्या शाळेच्या फोटोंची वही. ती त्या दिवशी खूप रडली. आई घाबरली, पण ते रडणं अडलेलंच होतं, ते व्हायला हवं होतं.

शाळेला किती सांगायचं, यावर आमची सर्वात जास्त चर्चा झाली. बाबांचं म्हणणं होतं, सगळं सांगून टाकू म्हणजे शिक्षक सांभाळून घेतील. माझं मत वेगळं आहे. जन्म, संस्था, आधीचं घर ही तिची स्वतःची गोष्ट आहे; ती वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. शिक्षिकेला वागण्यापुरतं कळलं की पुरे: ती दत्तक आहे, निरोपाच्या वेळा तिला जड जातात, दप्तर काढून घेऊ नका, आणि रोज सकाळी एकाच ठरलेल्या माणसाने तिला दारात घ्यावं. वंशवृक्ष काढणे, बाळपणीचा फोटो आणणे असे उपक्रम असतील तर आधी कळवा, हेही लिहून दिलं. घरी बाळपणीचा एकही फोटो नसलेल्या मुलाला तो गृहपाठ किती लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

मुलं एकमेकांना विचारतातच, 'तू आईसारखी का दिसत नाहीस?' अमेरिकेतल्या सेंटर फॉर अडॉप्शन सपोर्ट अँड एज्युकेशन या संस्थेने मुलांसाठी चार पर्याय तयार केले आहेत: तिथून निघून जायचं, 'हे खासगी आहे' म्हणायचं, थोडंसं सांगायचं, किंवा दत्तक म्हणजे काय ते समजावायचं. घरी बाबा वर्गमित्र झाले आणि तिने चारही करून पाहिले. तिला 'हे खासगी आहे' फार आवडलं. नव्या भाषेतलं तिने शाळेत उच्चारलेलं पहिलं पूर्ण वाक्य तेच होतं!

दप्तर आधी मांडीवरून खुर्चीच्या पाठीला गेलं, नंतर कधीतरी खुंटीवर. सगळं सुरळीत झालं असं नाही. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा अजूनही अवघड जातो.

एक सावधगिरी. मूल घरच्या भाषेतही बोलेनासं झालं, खाणंझोप बिघडली, किंवा नवी भाषा समजू लागूनही शाळेत महिन्यामागून महिने मौन टिकलं, तर 'होईल सवय' म्हणत थांबू नका. शाळेतलं असं टिकलेलं मौन ही निवडक मौनाची, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला शाळेसारख्या ठिकाणी भीतीने बोलताच न येण्याची समस्या असू शकते आणि ती जितक्या लवकर ओळखली जाईल तितके उपचार सोपे जातात. दत्तक मुलांबरोबर काम केलेला बालमानसतज्ज्ञ मिळाला तर उत्तम.

सध्या आमच्यापुढे पुढच्या वर्षीचा बदल आहे: तिची शिक्षिका बदलणार आहे. नव्या शिक्षिकेशी आधीच ओळख करून द्यावी आणि जुनीचा नीट निरोप घेऊ द्यावा, अशी विनंती पालकांनी केली होती. शाळेने ती मान्य केली आहे. तारखा ठरल्या की घरच्या कॅलेंडरवर ती स्वतःच लिहिणार आहे.