आईला डाकीण ठरवलं, तर शाळेतल्या मुलीला कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न असा: सातपुड्यातल्या तुमच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीच्या आईचं नाव भगताने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, डाकीण म्हणून घेतलंय, मुलं तिच्या शेजारी बसत नाहीत, रविवारी पंच बसणार आहेत. शिक्षकाने काय करावं?

रविवारच्या आतलं काम आधी. मुलीला पंचांसमोर नेऊ देऊ नका. ‘तुझी आई रात्री कुठे जाते?’ असं पोरीलाच विचारतात, ती घाबरून काहीतरी बोलते आणि तोच पुरावा ठरतो. डाकिणीची विद्या आईकडून लेकीकडे जाते असा समज असल्याने पुढचा संशय तिच्यावरच येतो.

1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ‘अंधश्रद्धेचा प्रकार आहे’ एवढंच सांगितलं तर प्रबोधनाचा विषय समजून बाजूला पडतं. मुलीचं वय, ती आत्ता कुठे आहे, कोणी कसली धमकी दिली, पंच कधी बसणार, हे सांगा. जिवाला धोका असेल तर थेट 112. आईने स्वतः तिला माहेरी नेलं तर उत्तमच. तुम्ही मात्र परस्पर कुणाच्या घरी ठेवू नका, उद्या पळवल्याचा आळ तुमच्यावर येईल. घरच्यांपासून वेगळं करावंच लागलं तर 24 तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

तक्रार लेखी द्या. जादूटोणाविरोधी कायदा, 2013 खाली शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ठाण्यात बऱ्याचदा अदखलपात्र नोंद करून ‘आपसांत मिटवा’ म्हणतात. तेव्हा या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्याकडे जा. कुटुंबाला वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराचा 2016 चा कायदा वेगळा आहे.

आता ज्याकडे सहसा कोणी बघत नाही ते. आईवर आळ घेणाऱ्या घरात कोण आजारी आहे? नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. एकाच घरातली दोन-तीन भावंडं पुन्हापुन्हा सांधेदुखीने, तापाने पडतात. घरच्यांना करणी वाटणारच. त्या मुलांची प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्ततपासणी, करवून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्ततपासणीने पक्कं निदान होतं. आशाताईंना सोबत घ्या, आणि भगताला खोटं पाडायच्या भरीस पडू नका. त्या घरातलं पोर दवाखान्यात बरं वाटू लागलं की राग बराच उतरतो. भाषणाने तो उतरत नाही.

वर्गात या विषयावर जाहीर चर्चा नको, सगळ्या नजरा तिच्याकडेच वळतील. बसायच्या जागा सगळ्यांच्याच बदला, खिचडी वाढताना तिची पंगत वेगळी पडू देऊ नका. ती आपणहून काही बोलली तर खोदून न विचारता तिचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा. तिचं नाव, फोटो किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर किंवा पत्रकाराकडे जाता कामा नये. बाल न्याय कायद्याने त्यालाही बंदी आहे.

कुटुंब गाव सोडून गेलं तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी द्या. दाखला उशिरा मिळाला म्हणून नव्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे आईला नीट सांगून ठेवा.