‘समांतर’मधले अंतर कोण राखतो?

प्रश्न असा आहे: नवी मुंबई विमानतळाविषयी लिहिताना ‘समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी उतरणाऱ्या विमानांचे विलगीकरण’ असे म्हटले तर चालेल का? हवाई वाहतूक नियंत्रक ज्याला ‘सेपरेशन’ म्हणतात, त्याला मराठीत याहून बरा शब्द आहे का?

विलगीकरण नको, असे माझे स्पष्ट मत आहे. कोविडच्या काळात हा शब्द रुग्णाच्या खोलीला चिकटला, हे एक कारण झाले. खरे कारण शब्दातच आहे. जे लगटलेले आहे तेच विलग करता येते. ‘विभाजन’ आणि ‘फारकत’ यांचेही तेच: आधी एक असलेले पुढे दोन झाले, असा त्यांचा अर्थ. ही विमाने मुळात कधी एकत्र नव्हतीच. ती जवळ येऊ नयेत म्हणून कोणीतरी सतत काम करत असतो, आणि ते काम सांगणारा शब्द आपल्याला हवा आहे.

तो आपल्याकडे आहे: ‘अंतर राखणे’.

यावर आक्षेप येईल की अंतर म्हणजे नुसती लांबी, त्यात सुरक्षेचे काय? म्हणून आधी ‘समांतर’ हा शब्दच उघडून पाहू. सम अधिक अंतर: ज्यांच्यामधले अंतर सगळीकडे सारखे, त्या रेषा समांतर. ग्रीकांचा मूळ शब्द ‘एकमेकांच्या शेजारी’ एवढेच सांगतो. आपला शब्द थेट अंतरावर बोट ठेवतो. मला तो फार आवडतो, पण इथे तो एका बाबतीत फसवा ठरतो. समांतर आहेत त्या धावपट्ट्या. विमाने वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि आपापल्या धावपट्टीच्या सरळ रेषेत वळतात. वळून रेषा धरेपर्यंत त्यांच्या वाटा समांतर नसतात, एकमेकींकडे झुकलेल्या असतात. म्हणून नियम असा की रेषेला मिळताना कोन ३० अंशांहून मोठा नसावा, आणि दोघेही आपापल्या रेषेवर स्थिर होईपर्यंत त्यांच्यात उंचीचे निदान १००० फूट किंवा आडवे ३ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, राखले जावेत. एक विमान वरच्या उंचीवरून रेषेला मिळते, दुसरे खालच्या. नकाशावर ती एकावर एक दिसली तरी नियंत्रकाच्या लेखी त्यांच्यात अंतर आहे.

म्हणजे लेखात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमधले अंतर हे *असते*. ते काँक्रीटमध्ये पक्के झालेले आहे. विमानांमधले अंतर *राखले जाते*, आणि ते कमी पडूही शकते. नाम एकच ठेवून क्रियापद बदलले की हा फरक कळतो. नाम हवेच असेल तर ‘सुरक्षा-अंतर’ घ्या. ‘राखीव अंतर’ मात्र टाळा. राखीव म्हटले की कोणासाठी, असा प्रश्न मनात येतो.

पहिल्या अंतरावर दुसऱ्याचे नियम ठरतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार, रडार पुरेसे अचूक असेल तर मध्यरेषांमध्ये निदान १०३५ मीटर असल्यास दोन्हींकडे स्वतंत्रपणे उतरता येते. त्याहून कमी, पण निदान ९१५ मीटर असेल तर उतरणे परस्परसापेक्ष होते: शेजारच्या रेषेवरच्या विमानाशी तिरके अंतर मोजायचे, मूळ नियमाप्रमाणे २ सागरी मैल. ‘डिपेन्डंट’ला ‘परतंत्र’ किंवा ‘परावलंबी’ म्हणू नका. गवंडी वीटकामात सांधेमोड करतो, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. ही विमानेही तशीच मागेपुढे ठेवलेली असतात. तिसरा प्रकार म्हणजे एका धावपट्टीवर फक्त उतरणे, दुसरीवरून फक्त उड्डाण. इथे ‘विभक्त’ शब्द चपखल बसतो: अंगण एकच, पण चुली वेगळ्या. लंडनच्या हीथ्रोवर धावपट्ट्या सुमारे १४०० मीटर दूर असूनही दिवसा मुख्यतः हीच पद्धत चालते, आणि दुपारी ३ वाजता त्यांची कामे आलटतात, म्हणजे खालच्या वस्तीला आवाजापासून आळीपाळीने विसावा मिळतो.

स्वतंत्र उतरण्यातही दोन मार्गांच्या मध्ये निदान ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा असतो, त्यात कोणी शिरायचे नाही. त्याला ‘लक्ष्मणरेषा’ म्हणायचा मोह होईल, पण ही रेषा नाही, तिला रुंदी आहे. मी ‘वर्ज्य पट्टा’ म्हणेन, आणि वाचकाला समजावताना दोन शेतांमधल्या बांधाची आठवण देईन. १०३५ मधून ६१० वजा केले की उरतात ४२५, म्हणजे आपल्या रेषेपासून बांधापर्यंत प्रत्येकाला जेमतेम २१२ मीटर. प्रत्येक मार्गावर लक्ष ठेवणारा नियंत्रक वेगळा असतो. कोणी बांधात शिरला तर त्याला आपल्या रेषेवर परत यायला सांगतातच, पण शेजारी सरळ चाललेल्या, काहीही न चुकलेल्या विमानाला ताबडतोब वळून वर चढण्याचा आदेश मिळतो. याला ‘रांग सोडणे’ म्हणावे. ‘माघार’ म्हटले तर चूक त्याची होती असे वाटेल.

‘राखणे’ला कर्ता लागतो, आणि माझ्या आग्रहाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोला दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत फक्त ७५० फूट, म्हणजे सुमारे २२९ मीटर आहेत. हवा स्वच्छ असेल तर तिथे अनेक वर्षे विमाने जोडीने उतरत, कारण वैमानिक शेजारचे विमान दिसल्याचे कळवत असे आणि तिथून पुढे अंतर राखणे त्याच्याकडे येई. ढग खाली आले की ही मुभा जाई आणि विमानतळाची क्षमता बरीच घटे. ‘विलगीकरण झाले’ या वाक्यात ते कोणी केले हे कुठेच येत नाही. ‘अंतर कोण राखतो आहे?’ हे मात्र विचारता येते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने आधी विचारायचा प्रश्न तोच.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे हा विषय तिथे उद्भवला नाही. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, मध्ये दीड किलोमीटरहून जास्त जागा सोडून. तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘दोन्ही धावपट्ट्यांमधले अंतर पुरेसे असल्याने विमाने एकाच वेळी स्वतंत्रपणे उतरू शकतील; ती आपापल्या रेषेवर स्थिर होईपर्यंत नियंत्रक त्यांच्यात उंचीचे किंवा आडवे अंतर राखतील.’