साइड टेबल घेण्याआधी ते उलटं करून पाहा
घर-सामान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा हॉल दहा बाय बारा फुटांचा. एल आकाराचा सोफा आल्यावर मधलं टीपॉय काढावं लागलं, चालायलाच जागा उरेना. आता सोफ्याच्या हाताशी एक लाकडी साइड टेबल हवं आहे. दुकानांत उभ्या पन्हळी असलेली, ढोलाच्या आकाराची गोल टेबलं फार दिसतात. मुलीला तेच हवंय, तर मिस्टरांना वेताची जाळी आवडलीये. सध्या नेमकं काय चालतं आणि आमच्याकडे काय टिकेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सध्या चालतं ते बहुतेक तुम्ही पाहिलंच आहे. पन्हळी ढोल, वेत, एकात एक सरकणारी दोन-तीन टेबलं आणि ज्याचा पाय सोफ्याखाली सरकतो ते सी आकाराचं टेबल. रंगांत अक्रोडासारखा गडद चॉकलेटी परत आलाय, चकचकीत पॉलिशची जागा मॅटने घेतलीये. फळीच्या मधोमध रंगीत इपॉक्सीची ‘नदी’ ओतलेली टेबलं आता माझ्याकडे क्वचितच कुणी मागतं. मला त्याचा आनंद आहे, चांगल्या लाकडात प्लास्टिक ओतणं मला कधीच पटलं नाही.

पन्हळी ढोल दिसतो सुंदर, पण दुकानातला एक उचलून उलटा करा. आत बहुधा एमडीएफ निघेल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड. आपल्याकडे रोज फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते आणि ढोलाची कड थेट फरशीला टेकलेली असते. एमडीएफ ते पाणी पितो, खालून फुगतो आणि एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. शिवाय झाडू खालून फिरत नाही आणि प्रत्येक पन्हळीत धूळ बसते. मुलीचा हट्टच असेल तर तळाला अर्ध्या इंचाचे नायलॉनचे बूट ठोकून घ्या, पण माझी पसंती त्याला नाही.

वेताची गोष्ट वेगळी. पिअर जानरे या स्विस वास्तुकाराने १९५०च्या दशकात चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी सागवान आणि वेताचं फर्निचर आखलं. पुढे तिथल्या कचेऱ्यांनी भंगारात काढलेल्या खुर्च्या परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. आज दिसणाऱ्या वेताच्या लाटेमागे त्या खुर्च्यांचा मोठा वाटा आहे. ही घडण आपल्या हवेसाठीच केलेली होती, म्हणून मला तिचा आदर आहे. फक्त साइड टेबलात वेत खालच्या कप्प्याला लावा, वरच्या फळीला नको. वर चहा सांडणार, आणि वेत ओला राहिला की त्यावर बुरशी धरते.

तुमच्या हॉलसाठी मी एकात एक सरकणारी दोन टेबलं सुचवेन, बारीक चौकोनी पायांची. एरवी एकाचीच जागा अडते आणि पाहुणे आले की दुसरं बाहेर ओढता येतं. आधी सोफ्याच्या हाताची उंची मोजा, बहुतेक सोफ्यांची २२ ते २५ इंच असते. मोठं टेबल तेवढंच किंवा इंच-दोन इंच खाली हवं. त्याहून उंच झालं तर कपाला कोपर लागतं. वरची फळी १६ ते १८ इंच पुरे.

आणि ही टेबलं अस्सल सागवानाची करून घ्या, हे मी आग्रहाने सांगते. वॉर्डरोब किंवा पलंग पूर्ण सागवानात करणं आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, मला ठाऊक आहे. पण १८ इंची टेबलाला, रंध्यात आणि करवतीत जाणारं धरूनही, साधारण अर्धा घनफूट लाकूड लागतं. वखारीत चौकटी कापून उरलेले तुकडे असतात, त्यांतून पाय आणि पट्ट्या निघतात. जुन्या वाड्याची तुळई किंवा दाराची फळी मिळाली तर फारच छान, ते लाकूड कित्येक पावसाळे पाहून स्थिरावलेलं असतं. त्यातले खिळे मात्र सगळे काढून घ्या, नाहीतर सुताराचं पातं जाईल.

तयारच घेणार असाल तर फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड सलग आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर वर फक्त व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे. व्हेनिअर वाईट असतं असं नाही, पण त्याला सलग लाकडाचे पैसे देऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या आंब्याच्या लाकडाच्या टेबलाखाली रोज सकाळी मैद्यासारखी पिवळट पूड पडते. वाळवी आहे का?
— चिपळूणहून एक वाचक

उत्तर : वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते. तुमच्याकडे लाकूड पोखरणारे भुंगेरे आहेत. त्यांच्या अळ्या आतला पिष्टमय भाग खातात आणि भुंगेरा बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो. आंबा, रबरवूड आणि कुठल्याही झाडाचं बाहेरचं पांढरं लाकूड यांना हा त्रास ठरलेला. सागवानाचा गाभा सहसा वाचतो.

आज टेबल उलटं करा. वर छान पॉलिश आणि खालची बाजू कोरी, असंच दिसेल. भुंगेरा अंडी घालतो ती अशाच कोऱ्या लाकडाच्या छिद्रांत. टेबल इतर लाकडी सामानापासून दूर, बाल्कनीत न्या. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किड्याचं औषध मिळतं, ते सिरिंजने प्रत्येक भोकात भरा. हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. मग मेणाने भोकं बुजवा आणि खालची बाजू पॉलिशने पूर्ण बंद करा. बुजवलेल्या जागेशेजारी नवी भोकं दिसली तर पुन्हा तेच. नुसतं उन्हात ठेवून आतल्या अळ्या मरतील याचा भरवसा धरू नका.

आंब्याचं लाकूड मला आवडतं. फळं देऊन थकलेलं झाड तोडल्यावर ते चुलीत जाण्यापेक्षा घरात यावं. पण भट्टीत वाळवलेलं आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेलं आहे का, हे विकणाऱ्याला लेखी विचारूनच घ्यावं, कोकणात तर नक्कीच.

प्रश्न : कोल्हापूरला सुताराकडून सागवानी टेबल करून घेतलं आणि मिनिआपोलिसला आणलं. पहिल्याच हिवाळ्यात फळी उभी तडकली. लाकूड ओलं होतं का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : असेलही, पण मला वेगळा संशय आहे. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर लागला की घरातली हवा कोरडीठाक होते आणि फळी रुंदीत आकसते. लांबीत जवळजवळ नाही, फक्त रुंदीत. खालच्या चौकटीला ती फेविकॉल आणि घट्ट स्क्रूंनी आवळली असेल तर आकसायला वाव नसतो, मग फाटते. खालून पाहून घ्या. स्क्रूंची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा म्हणजे फळी सरकू शकेल. गोंद लावलेला असेल तर तिथल्या सुताराकडून आधी सांधा सोडवावा लागेल. तड हिवाळ्यात पुट्टीने बुजवू नका, उन्हाळ्यात फळी फुगली की ती पुट्टी बाहेर ढकलली जाईल. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३५-४० टक्क्यांच्या आसपास राखता आली तर पुढची तड टळेल.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या टेबलावर गरम कपाचा पांढरा गोल उमटलाय. रंधा मारावा का?
— सातारा

उत्तर : रंधा अजिबात नको. जुनं टेबल म्हणजे बहुधा चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आणि पांढरा डाग म्हणजे त्या थरात अडकलेला ओलावा. लाकडापर्यंत काहीच गेलेलं नाही. डागावर रात्रभर पेट्रोलियम जेली लावून ठेवा, सकाळी पुसा. उरलाच तर पॉलिशवाल्याला बोलवा. तो स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवून वर चपडीचा एक पातळ हात देईल, अर्ध्या तासाचं काम आहे.