वाचक विचारतात : महेश्वरचा नर्मदाकाठ, पायी, सायकलवर आणि वल्ह्यावर

प्रश्न : आम्ही दोघं आणि १२ व १५ वर्षांची मुलं. मंडलेश्वर-महेश्वर काठाकाठाने चालायचं आहे. वाट सपाट आहे म्हणतात. कुठून निघावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : मंडलेश्वरहून. पहाटे गाडी महेश्वरला लावा आणि बसने किंवा रिक्षाने मंडलेश्वर गाठा, म्हणजे शेवटी दमलेली मुलं घेऊन वाहन शोधत बसावं लागत नाही. नर्मदा इथे पश्चिमेला वाहते, त्यामुळे सकाळचं ऊनही पाठीवर राहतं. रस्त्याने अंतर ८-९ किलोमीटर, काठाने थोडं जास्त. मुलांसह चार तास धरा.

सपाट आहे हे खरं, पण सलग आखलेली वाट नाही. शेतांचे बांध, पायवाटा, मध्येच एखादा नाला. नाल्याच्या तोंडाशी गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय घोट्याच्या वर जातो. काठी टोचून बघा, शंका आली तर सरळ वर रस्त्याला लागा. उभ्या पिकातून वाट काढू नका. समोरून परिक्रमावासी येतील, कारण नदी उजव्या हाताला ठेवायची म्हणजे उत्तर तीरावर त्यांना पूर्वेकडे चालावं लागतं. अरुंद बांधावर बाजूला तुम्हीच व्हा.

इंदूरच्या हवेवर विसंबू नका. घाट उतरून निमाडात आलं की उंची जवळजवळ ४०० मीटरने कमी होते आणि फेब्रुवारी सरतानाच ऊन भाजू लागतं. माणशी ३ लिटर पाणी, शिवाय मीठ-साखर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. वेळ उरला तर महेश्वरहून नावेने पलीकडे नावडातोडीला जा. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरून काढली. महेश्वरला येणारे बहुतेक जण किल्ला आणि साड्या बघून परततात, हे कोडंच आहे.

प्रश्न : त्याच वाटेवर सायकल चालेल का? माझी हायब्रिड आहे, ७०० x ३५ टायरची. (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : कोरड्या दिवसांत चालेल. पाऊस पडून गेल्यावर चार-पाच दिवस नको. काळी माती टायरला चिकटते, त्यात काड्या मिसळतात आणि फोर्कमधली (चाक धरणाऱ्या दांड्यांमधली) फट भरली की चाक जागेवर अडतं. जोर लावून पेडल मारलं तर मागचं डिरेल्यूर (गिअर बदलणारा भाग) चाकात ओढलं जाऊन हँगर, म्हणजे ते अडकवायची पट्टी, मोडतो. मडगार्ड घरीच काढा, माती खरवडायला लाकडी पट्टी ठेवा.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप हवाच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळू हात फिरवून काटा शोधा, नाहीतर तीही पाच मिनिटांत बसते. हवा ५० पीएसआयच्या आसपास ठेवा. रस्त्यावरचे ७५ ठेवले तर बांधावर सायकल उडत राहते.

जामच्या घाटाने उतरणार असाल तर ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते.

प्रश्न : दोघांचा हवेचा कयाक (हवा भरून फुगवायची छोटी होडी) घेतला आहे. मंडलेश्वर ते महेश्वर वल्हवत यावं म्हणतो. पोहता येतं. धोका काय? (इंदूर)

उत्तर : धोका पाण्याच्या वेगापेक्षा पातळीचा जास्त. वर ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणं आहेत. वीज बनवताना सोडलेलं पाणी काही तासांनी खाली पोहोचतं, तेव्हा आकाश निरभ्र असलं तरी नदी चढू शकते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला जत्रेच्या वेळी असंच पाणी चढून साठाहून जास्त माणसं गेली. निघायच्या आदल्या दिवशी आणि पहाटे घाटावरच्या नावाड्यांना विचारा. पाण्याच्या रेषेवर काठी रोवा, पंधरा मिनिटांनी बघा. पाणी वीतभर चढलं असेल, गढूळ होऊन पालापाचोळा-फेस येत असेल, तर त्या दिवशी उतरू नका. चहाला थांबताना कयाक पाण्याशी सोडू नका, बरीच वर ओढून झाडाला बांधा.

मंडलेश्वरच्या वर अर्धवट राहिलेल्या महेश्वर प्रकल्पाचं बांधकाम नदीत उभं आहे. त्याच्या आसपास जाऊ नका, मंडलेश्वरच्या घाटावरूनच उतरा. संपायची जागा महेश्वरचा घाट, आणि ती आधी जमिनीवरून बघून ठेवा. ती चुकली तर पुढे जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. नदी तिथे कातळात फुटते. २०२३ मध्ये खेलो इंडियाची स्लॅलम शर्यत (उसळत्या पाण्यात खांबांमधून वल्हवायची) तिथेच झाली, यावरून ते पाणी नवख्यांचं नाही हे कळावं. घाटाला लागताना कयाकचं नाकाड प्रवाहाच्या उलट दिशेला वळवा आणि तिरकं वल्हवत काठाला या. सरळ काठावर घुसलात तर मागची बाजू प्रवाहात फिरते आणि कयाक आडवा होतो.

हवा सावलीत भरा, कंपनीने छापलेल्या आकड्याइतकीच. थंड पाण्यात दहा मिनिटांत ती मऊ पडते, तेव्हा दोन-चार पंप मारा. उलट भरलेला कयाक उन्हात ठेवला तर शिवण उसवते. लाइफ जॅकेटचे खांदे कुणाला तरी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आले तर पट्टे सैल आहेत. मासेमारीच्या जाळ्यांसाठी छोटी सुरी जॅकेटलाच अडकवा. पश्चिमेचा वारा सुटला तर तो समोरून लागतो, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचा. अमावस्या, संक्रांत, नर्मदा जयंती टाळा, घाटावर पाय ठेवायला जागा नसते.

उलटल्यावर परत चढायचा सराव आधी पोहण्याच्या तलावात करा. पोहता येणं आणि हवेच्या कयाकवर पाण्यातून चढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : हा सराव इंदुरातच, कान्ह नदीत केला तर? (जुनी इंदूर)

उत्तर : नको. त्यात सांडपाणी आहे, एक घोट पोटात गेला तरी आठवडा जातो. शहरात काठाने नुसतं चालायचं असेल तर सिरपूर तलाव. २०२२ पासून तो रामसर यादीत आहे, हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. दुर्बीण न्या, वल्हं घरी ठेवा.