कूलर चालू ठेवून मोज

नागपूर, मे महिना

प्रिय पोरी,

उन्हात काम करणाऱ्या मजुराच्या जॅकेटवरच्या बिनतारी नोडसाठी, म्हणजे बटण सेलवर चालून पॅकेट पाठवणाऱ्या छोट्या सर्किटसाठी, तू जी कापडाची अँटेना करते आहेस, तिचा आलेख पाहिला. डेनिमवर कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहणाऱ्या, कापडाचा २५ मिलिमीटरचा चौकोनी पॅच, त्यात खाचा पाडून २.४५ गिगाहर्ट्झला आणलेला, एस-वन-वन उणे ३८ डीबी आणि बँडविड्थ, म्हणजे अँटेना चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, चक्क ४०० मेगाहर्ट्झ. खाली तू तीन उद्गारचिन्हं दिली आहेस. मी असतो तर तिथं एक प्रश्नचिन्ह दिलं असतं.

एस-वन-वन फक्त एवढंच सांगतो की अँटेनाकडे पाठवलेली पॉवर परत आली नाही. ती गेली कुठे, हे तो सांगत नाही. व्हीएनएच्या, म्हणजे हा आलेख काढणाऱ्या यंत्राच्या, डब्यातला ५० ओहमचा लोड, नुसता एक रोध, जोडून बघ. तुझ्या अँटेनापेक्षा सुंदर आलेख येईल आणि तो लोड हवेत काहीही सोडत नाही, सगळं गिळून गरम होतो. अँटेना छोटी झाली की तिची बँडविड्थ आणि एफिशियन्सी (दिलेल्या पॉवरपैकी हवेत जाणारा वाटा) एकत्र वाढवता येत नाहीत, तिच्या आकारमानाची मर्यादा आड येते. १ मिलिमीटर जाडीच्या डेनिमवर एवढ्याशा पॅचला ४०० मेगाहर्ट्झ मिळत असतील, तर त्याची किंमत कुणीतरी मोजतं आहे. माझ्या मते ते कापड आहे. खाचांच्या कडांना करंट दाटतो, कंडक्टिव्ह कापडाचा रोध तांब्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, खाली डेनिम स्वतः गिळतं तो लॉस. तू कापड तापवते आहेस.

आणि त्या उणे ३८ च्या मागे लागू नकोस. उणे १० ला १० टक्के पॉवर परत येते, म्हणजे अर्ध्या डीबीहूनही कमी तोटा. एफिशियन्सी २० टक्क्यांवर आली तर ७ डीबी जातात. कुठल्या आकड्यासाठी रात्र जागायची ते तूच ठरव.

आता कापडाबद्दल, कारण माझी खरी फजिती तिथं झाली. आमच्या लॅबला तेव्हा एसी नव्हता, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. सकाळी डेनिमची अँटेना मोजली की आलेखातली दरी बरोब्बर २.४५ वर. दुपारी जेवून आलो की पन्नासेक मेगाहर्ट्झ खाली. संध्याकाळी परत वर. मी दोन दिवस कॅलिब्रेशन करत बसलो, कनेक्टर बदलला, केबल बदलली, एका सहकाऱ्यावर उगाच चिडलो. तिसऱ्या दिवशी वीज गेली, कूलर बंद पडला, यूपीएसवर व्हीएनए चालू होता आणि माझ्या डोळ्यांदेखत दरी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. बाहेर मेची कोरडी भट्टी, आत कूलरची दमट हवा, आणि सुती डेनिम ती हवा पीत होतं.

कापूस साधारण दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पाण्याची परमिटिव्हिटी (ती जितकी जास्त तितकी अँटेनाची फ्रिक्वेन्सी खाली येते) ८० च्या जवळ, कोरड्या डेनिमची १.६ ते १.७. त्यामुळे थोडं पाणीही भारी पडतं. कागदावर हिशेब करून बघ: १.६ चं १.७ झालं तर २.४५ चं साधारण २.३८ होतं, आणि आपला बँड २.४० ला सुरू होतो. कापूस हवेतला ओलावा पितो हे या गावाला नवीन नाही म्हणा. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, तिथं सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागायची. आता तिथं मॉल आहे आणि आतली हवा एसीची. आम्ही इंजिनिअर मात्र तोच धडा कूलरसमोर बसून नव्यानं शिकलो.

म्हणून सबस्ट्रेटला, म्हणजे पॅचखालच्या थराला, पॉलिस्टरचं फेल्ट घे, २ ते ३ मिलिमीटर जाडीचं. परमिटिव्हिटी १.२-१.३ च्या घरात, लॉस कमी, जाडीमुळे बँडविड्थही प्रामाणिकपणे मिळते. तोटा एकच, पॅच मोठा होतो: अर्ध्या तरंगलांबीचा पॅच डेनिमवर ४७ मिलिमीटर, फेल्टवर ५४ च्या आसपास. तो लहान करायचा तर खाचांचं नक्षीकाम सोड आणि एका कडेला पॅच ग्राउंडला, म्हणजे सबस्ट्रेटखालच्या कंडक्टिव्ह कापडाला, जोड, लांबी निम्मी होते. ती भिंत कंडक्टिव्ह धाग्याच्या दाट टाक्यांनी शिवता येते. टाके विरळ घातलेस तर भिंत गळते. कापड गांधीबागेच्या कापडबाजारातून आण, पण एकाच थानातून सगळं एकदम घे. पुढच्या महिन्यात गेलीस तर दुकानदार ‘तेच आहे ताई’ म्हणून वेगळ्याच जाडीचं फेल्ट देतो. त्याची काही चूक नाही, त्याच्या गिऱ्हाइकांना मिलिमीटरशी देणंघेणं नसतं. तुला आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या पॅचची लांबी १ मिलिमीटरनं चुकली तर तू सुमारे ५० मेगाहर्ट्झ चुकलीस. कात्रीनं कापलेल्या कडेला दोन धागे उसवले तरी तेवढं होतं, म्हणून कापण्याआधी मागून फ्युजिंग (गरम केल्यावर चिकटणारं अस्तर) इस्त्रीनं चिकटव.

सोल्डरिंगचं. निकेल-तांब्याच्या मुलाम्याच्या पॉलिस्टरवर नेहमीची सोल्डरिंग गन टेकवलीस की कापड आक्रसतं, भोक पडतं. टिन-बिस्मथचं सोल्डर १३८ अंशांना वितळतं, ते वापर. तरीही जोड तुटेल, बरोबर तिथं, जिथं कडक सोल्डर संपून मऊ कापड सुरू होतं. नोड जॅकेटवर टिचबटणांनी लावला तर धुण्याआधी काढता येतो, जोडावर ताणही येत नाही.

ग्राउंडचं कापड पॅचपेक्षा चारी बाजूंनी मोठं ठेव. २.४५ ला स्नायूची परमिटिव्हिटी ५० च्या वर असते. मागे ग्राउंड नसेल तर शरीर फ्रिक्वेन्सी खाली ओढतं आणि पॉवरही खातं. परीक्षक रेडिएशनचं विचारतील, घाबरू नकोस. तुझा नोड १ मिलिवॉट सोडतो. ती सगळीच्या सगळी १ ग्रॅम मांसात गेली असं धरलं तरी किलोला १ वॉट होतं, आणि आपल्याकडची मर्यादा १.६ आहे.

अँटेना दंडावर लावायची असेल तर पॅचची लांबी हाताच्या दिशेनं ठेव, दंडाभोवती गुंडाळली की रेझोनन्स, म्हणजे दरीची जागा, जास्त सरकतो. पण उन्हात काम करणाऱ्या मजुराच्या जॅकेटला मी खांद्यामागची जागा निवडेन. तिथं घाम येतोच, पण वाक कमी आणि हातानं झाकली जात नाही. तिथं ५-६ सेंटिमीटरचा पॅच ग्राउंडसकट आरामात बसतो. मग २५ मिलिमीटरचा हट्ट कुणासाठी? जॅकेट घालणाऱ्यानं तो धरलेला नाही.

मोजायचं कसं? आधी एक सोपी परीक्षा. आलेख पडद्यावर ठेव आणि व्हीएनएची केबल मुठीत धर, मूठ पुढेमागे सरकव. दरी हलली तर केबलही अँटेना झाली आहे आणि तू इतके दिवस जे मोजलंस ते दोघींचं मिळून आहे. तुझ्या छोट्या पॅचचं असं झालं असणार अशी मला दाट शंका आहे. त्यानंतर केबलच काढून टाक. बटण सेलवर चालणारा नोड टिचबटणांनी अँटेनाला लाव, कॉलेजच्या मैदानात मधोमध उभी राहा, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. आठ दिशांना वळत प्रत्येक दिशेला शंभर पॅकेट पाठव. सिग्नलची सरासरी घे आणि किती पॅकेट हरवली तेही लिही. मग तोच नोड, तीच जागा, फक्त अँटेना बदलून पुन्हा. एक साधी तांब्याच्या तारेची अँटेनाही त्यात असू दे, तुलनेला. हरवलेलं प्रत्येक पॅकेट नोड पुन्हा पाठवतो आणि ती पॉवर त्याच बटण सेलमधून जाते. ६ डीबी कमी पडले तर मोकळ्यावर पल्ला निम्मा होतो.

हे सगळं तीनदा कर: कोरडं जॅकेट, मिठाच्या पाण्यानं ओलं केलेलं जॅकेट, आणि पाच वेळा धुतलेलं जॅकेट. धुतलेलं बहुधा रडवेल.

रविवारी दुपारी ये. २५ मिलिमीटरचा पॅच आण, फेल्टचे दोन नवे तुकडे आण, आणि येताना बॅगेत कोंबून आण, इस्त्री करू नकोस. मी कूलर चालू ठेवतो, मग बंद करू, आणि बघत बसू.

तुझा,
सर