पाठवायचं ते टाकायचं नाही

प्रिय मित्रा,

तुझी मेल दोनदा वाचली. बारा कथा तयार, कादंबरी अर्ध्यावर, नावावर छापील ओळ एकही नाही, आणि वेबसाइट करून देणारा पंचवीस हजार मागतोय. वर त्याचा सल्ला असा, की बाराही कथा साइटवर टाक, वाचक येतील, वाचक आले की प्रकाशकही येतील. तुला वाटतंय तुझी अडचण पैशांची आहे. पैशांचं सोपं आहे, त्यावर नंतर येतो. आधी कथांचं बोलू.

जे छापायला पाठवायचं आहे, ते साइटवर टाकायचं नाही.

दिवाळी अंक असो की कथास्पर्धा, बहुतेकांची अट ठरलेली: साहित्य पूर्वप्रकाशित नसावं. लिहिणारी मुलं ही अट ‘छापून आलेलं नसावं’ अशी वाचतात आणि तिथेच फसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं तिसरं कलम उघडून बघ. प्रती काढून लोकांना देणं हे प्रकाशन आहेच, पण कृती अन्य मार्गानं लोकांपर्यंत पोचवणं हेही प्रकाशनच धरलेलं आहे. साइटवर कुणालाही उघडता येईल अशी कथा ठेवलीस की ती प्रकाशित झाली. मग ती चौघांनी वाचलेली असो की चार हजारांनी. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी जे फुकट वाचायला मिळतंय त्यासाठी संपादकानं अंकातली दहा पानं का द्यावीत, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

‘नंतर काढून टाकीन’ असं तू लिहिलंयस. काढलेलं पान इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे वेबवरची जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर, सापडू शकतं. कुणी मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर फिरवला असेल तर तो तिथे फिरतच राहतो, बहुतेकदा लेखकाचं नाव गळून. संपादकाला शंका आली तर पहिली ओळ अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायला अर्धा मिनिट लागत नाही.

अमेरिकन कादंबरीकार अँडी वीरचं उदाहरण तू दिलंस. बरोबर आहे, त्यानं ‘द मार्शियन’ स्वतःच्या साइटवर प्रकरणाप्रकरणानं टाकली, वाचकांच्या आग्रहावरून किंडलवर आणली आणि २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशनाकडून छापील पुस्तक म्हणून आली. पण त्याच्याकडे आधीपासून जमलेला वाचक होता, आणि इंग्रजीत वाचणाऱ्या जगाची बाजारपेठ होती. मराठीत कथेची वाट वेगळी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर नवा कथालेखक आधी अंकांतून वाचला जातो आणि मग त्याचा संग्रह निघतो. ही वाट अजून चालू आहे. ती आपल्याच हातानं बंद का करतोस?

मला कुणी जुनाट म्हणेल, म्हणू दे. चांगल्या कथा केवळ घाईपायी स्पर्धेतून बाद होताना दिसतात तेव्हा जीव तुटतो, म्हणून मी याबाबत हटून बसतो. अंकात छापून आलेली कथा नंतर साइटवर खुशाल ठेव, फक्त संपादकांना मेलवर विचार आणि अंकाची विक्री संपेपर्यंत थांब. हक्क कायद्यानं मुळात तुझाच असतो. हस्तांतर करायचं तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा सही करण्याआधी मुदतीचा रकाना वाच. पाच विश्वासू वाचकांना कच्चा खर्डा दाखवायचा असेल तर पीडीएफ मेल कर. त्याला साइट लागत नाही.

मग साइटवर टाकायचं काय, हा तुझा खरा प्रश्न. तुझी कादंबरी रावेरच्या केळीपट्ट्यातली आहे. त्या कादंबरीसाठी तू जे गोळा केलंयस, ते बाहेर कुणाकडे आहे? कंदातून फुटलेलं पील कधी कापायचं आणि कधी राखायचं, घडाच्या फण्या मोजून व्यापारी डोळ्यांनी वजन कसं धरतो, सावद्याच्या स्टेशनात वॅगन भरताना हमालांची साखळी कशी लागते, यावर आठशे ते हजार शब्दांचं एकेक टिपण लिही. कादंबरीतला एक परिच्छेदही न वापरता तुझी भाषा, तुझी नजर आणि त्या मातीवरची तुझी पकड वाचणाऱ्याला दिसेल. शिवाय अशा मजकुराला शोधत येणारा वाचक असतो. अनोळखी लेखकाची कथा शोधत कुणी येत नाही, पण केळीच्या पिलांची माहिती शोधत शेतकरी येतो, विद्यार्थी येतो, पत्रकारही येतो. टिपण लिहितानाही तो नियम विसरू नकोस. हाच मजकूर पुढे लेख म्हणून एखाद्या मासिकाला द्यावासा वाटत असेल, तर तो टाकायचा नाही, दुसरा लिहायचा.

वेळापत्रकात वाहवू नकोस. दर आठवड्याला लिहीन असं जाहीर करायचं, दोन महिने लिहायचं आणि मग वर्षभर शुकशुकाट, हे नेहमी होतं. शेवटच्या नोंदीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख असलेली साइट बघून संपादक परत फिरतो. वर्षाला सहा टिपणं पुरेत. तीन तयार झाल्याशिवाय साइट उघडूच नकोस.

आता पैशांचं. पंचवीस हजार देऊ नकोस. तुला लागतात तीन पानं, परिचय, लेखन आणि संपर्क, आणि शिवाय टिपणांचा एक विभाग. ब्लॉगर फुकट आहे आणि त्याला स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, जोडता येतं. वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, घेतलंस तर मोकळीक जास्त मिळते, पण अद्ययावत ठेवण्याचं काम कायमचं मागे लागतं. तू नोकरी करून लिहितोस, ब्लॉगर घे. खर्च फक्त डोमेनचा, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. पहिल्या वर्षाची शंभर-दोनशे रुपयांची जाहिरात बघून भुलू नकोस, नूतनीकरणाचा दर बघ.

डोमेन तुझ्या नावावर, तुझ्या खात्यातून, तुझ्या कार्डावरून घ्यायचं. करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिलं की तो फोन उचलेनासा झाल्यावर तुझं नाव त्याच्याकडे अडकतं. नोंदणीसाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि मुदत संपल्याची सूचना तुला मिळतच नाही. साधा जीमेल दे आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेव. मुदत उलटल्यावर थोडे दिवस नेहमीच्या दरात मिळतात, त्यानंतर सोडवून घेण्याची फी फार मोठी असते. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, हौसेनं घ्यायला हरकत नाही, पण मुख्य पत्ता रोमनमध्येच ठेव, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही. आणि तुझ्या आडनावाची रोमन स्पेलिंगं लोक चार तऱ्हांनी करतात. एक ठरव, आणि अंकांना पाठवलेल्या पत्रात, साइटवर, सगळीकडे तेच वापर.

आता जिथे मराठी साइट हमखास बिघडते तिकडे येतो. तुझ्या जुन्या कथा डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत टाइप केल्यात असं तू लिहिलंयस. तो मजकूर वेबवर चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरांचे संकेत वेगळे असतात. सगळीकडे सारखेच संकेत वापरणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करून घे, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, त्यामुळे जोडाक्षरांपाशी ती भलत्या अक्षराला चिकटते. रफार सरकतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हमखास तुटतो. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण अंकांना पाठवायच्या प्रतींसाठीही ते तुला करायचंच आहे, तेव्हा आत्ताच कर.

सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवड. तेवढ्यानं, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. फॉन्ट ‘मुक्त’ घे, मुंबईच्या एक टाइपनं केलेला आहे, किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. अक्षर १८ ते २० पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये हे अंतर कमी असतं आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेव, ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करू नकोस, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भोकं पडतात.

कविता चित्र म्हणून टाकू नकोस. चित्रातला मजकूर शोधात येत नाही, मोठा करून वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच मिळत नाही. ओळ तोडायला शिफ्ट दाबून एंटर कर, नुसत्या एंटरनं प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होते. वर्डमधून आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून चिकटव, म्हणजे वर्डची लपलेली सजावट मागे राहते.

पत्त्यातला मजकूर, म्हणजे दुव्याचा शेवटचा भाग, रोमनमध्ये स्वतः लिही. ‘केळीच्या बागेतली रात्र’ हे शीर्षक घे. यात मात्रा, वेलांट्या, हलन्त धरून २० चिन्हं आहेत. ब्लॉगर देवनागरी शीर्षक पत्त्यात घेतच नाही, पण उद्या वर्डप्रेसवर गेलास तर ते पत्त्यात जातं, आणि दुवा दुसरीकडे चिकटवताना यातल्या प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट (%) नऊ रोमन अक्षरं होतात, म्हणजे १८०. व्हॉट्सॲपवर ते लांबलचक भेंडोळं बघून कुणी उघडत नाही. शिवाय वर्डप्रेसवर या भागाची मर्यादा २०० आहे, त्यामुळे बावीस चिन्हांपुढचं शीर्षक अर्धवट कापलं जातं. दोन-तीन रोमन शब्द पुरतात.

परिचय दोन लिही, एक साठ शब्दांचा आणि एक दीडशे शब्दांचा, दोन्ही तृतीय पुरुषी. संपादकाला अंकाच्या शेवटी लेखकपरिचय छापायचा असतो, तो त्याला जसाच्या तसा उचलता यावा. गाव, काम, काय लिहितोस, कशावर लिहितोस. तुझ्या मसुद्यातलं ‘लेखक, कवी, विचारवंत’ काढ. ‘आगामी कादंबरी’ही काढ, प्रकाशक ठरल्याशिवाय ती आगामी नसते. ‘केळीपट्ट्यावरच्या कादंबरीवर काम सुरू आहे’ एवढं खरं आहे आणि पुरेसंही आहे. खाली कादंबरीचा दीडशे शब्दांचा सारांश चालेल. प्रकरण नाही. नमुना म्हणून पहिलं प्रकरण ठेवायचा मोह होईल, तेव्हा वरचा नियम पुन्हा वाच.

फोटो दिवसाच्या उजेडातला, खांद्यापर्यंतचा. छपाईत पाच सेंटिमीटर रुंदीला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण ५९० पिक्सेल लागतात, तेव्हा १२०० पिक्सेलचा ठेव. कुणी व्हॉट्सॲपवर मागितला तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो दाबला जाऊन अंकात धुरकट छापला जातो.

संपर्काच्या पानावर फॉर्म नको, सरळ ईमेल लिही. फॉर्ममधून आलेली पत्रं स्पॅममध्ये पडतात आणि महिनोन्महिने कळत नाही. वाचकांचे ईमेल पहिल्या दिवसापासून जमव, आणि ती यादी फाइल म्हणून उतरवता येईल अशीच सोय घे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नकोस, एका यादीत २५६ माणसं मावतात आणि ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर नाही त्यांना निरोप जातच नाही. दर तीन महिन्यांनी साइटची प्रत उतरवून घे. त्या प्रतीत चित्रं येतीलच असं नाही, त्यांचं फोल्डर वेगळं सांभाळ. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांचं लिखाण गेलं.

या महिन्यात डोमेन घे आणि पिलांवरचं पहिलं टिपण लिही. त्याच सुमारास बारा कथांची एक यादी कर: कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठल्या अंकाला किंवा स्पर्धेला पाठवली, कधी पाठवली, उत्तर काय आलं. दिवाळी अंकांसाठी मे-जूनमध्येच पाठवायला लाग, गणपतीत पाठवून उपयोग नाही. ती यादी आणि टिपणाचा खर्डा मला मेल कर. रूपांतर केलेल्या कथांपैकी एक सोबत जोड, म्हणजे तुटलेले र आणि सरकलेल्या वेलांट्या मी खुणा करून परत पाठवीन.